सोडलेला गहू

"डबा आडवा करू नकोस हां, तूप गळंल," असं म्हणत माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, माईंनी, पितळेचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि दादांना धरून आणायला त्या परत अंगणात गेल्या. डबा गरम होता. आत पुरणपोळ्या होत्या. माईंनी पहाटे उठून, आंघोळ करून, स्वयंपाकघरात कुणाला पाऊल टाकू न देता त्या केल्या होत्या. त्यातली पहिली देवीला दाखवायची होती आणि दुसरी मला भरवायची होती.

मी पुढच्या सीटकडे वाकले. धैर्यशील उगाचच गाडीचा आरसा नीट करत होता.

"सांगितलंस?"

"सांगतो."

"काल सांगणार होतास."

"काल मामा आले होते ना. वर देवळात पोचू दे, तिथं बाजूला घेऊन सांगतो."

"धैर्यशील, ही पोळी मी खाऊ शकत नाही."

"मला सांगतीयेस का हे?" तो आरशातूनच म्हणाला.

खरंच होतं ते. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या वडिलांखालोखाल या जगात माझं पथ्य कुणाला तोंडपाठ असेल, तर ते धैर्यशील जगदाळेला. दुकानात चिवड्याची पुडी घेतली तरी आधी ती उलटी करून बारीक अक्षरं वाचायचा आणि मगच माझ्या हातात द्यायचा. अशा माणसावर मी जीव टाकला, यात नवल नाही. नाव तेवढं त्याच्या आजोबांनी फारच आशेनं ठेवलं होतं.

मला गहू चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, चालत नाही. सीलिअॅक म्हणतात या आजाराला. गव्हात आणि जवात ग्लूटेन नावाचा एक पदार्थ असतो, तो पोटात गेला की माझं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. सातवीत कळलं. तोवर मी नुसती काडी होते आणि शाळेत माझं नाव खारीक होतं. आई त्याच्या आधीच गेली होती. बाबांनी पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत भाकरी थापायला शिकून घेतलं. पहिले काही महिने आम्ही नकाशे खाल्ले, पण खाल्ले.

घरातलं एक वेळ जमतं. खरा छळ प्रवासात. मी जिथं जाईन तिथं माझ्याबरोबर एक कापडी पिशवी असते. तिच्यात भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू. ढाब्यावर आजार समजावून सांगायला गेलं की मालक म्हणतो, "मैदा नाही ताई, शुद्ध गहू आहे!" म्हणून मी कॉलेजात असतानाच एक युक्ती शोधली होती. साबुदाण्याची खिचडी मागायची आणि उपवास आहे म्हणायचं. उपवास म्हटलं की लोक लगेच हात धुतात, कढई वेगळी घेतात. एकदा हंपीच्या वाटेवर एका बाईंनी विचारलं, "कसला उपवास?" मी म्हटलं, "सोमवारचा." त्या दिवशी गुरुवार होता. धैर्यशील शेजारी बसला होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

ती युक्ती त्याच्या डोक्यात राहिली असणार.

कोरेगावजवळच्या त्यांच्या गावी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दादांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, दवाखान्यातून घरी आणून आठवडाही झाला नव्हता. अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणं जड झालं होतं. घर माणसांनी भरलेलं होतं. मला वाटलं होतं, धैर्यशीलनं माझ्याबद्दल आधीच सगळं सांगून ठेवलंय. ताट समोर आलं तर त्यात तीन चपात्या.

"चपाती नको, नुसता भात चालेल," मी म्हटलं.

"का गं? आमच्या हातची चालत न्हाई होय?" एक काकू म्हणाल्या. चार बायकांनी वळून बघितलं.

तेवढ्यात धैर्यशील म्हणाला, "तिनं गहू सोडलाय, काकू. दादा बरे होईपर्यंत."

माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. आमटी वाढत असलेल्या माईंनी पळी पातेल्यात ठेवली. त्या माझ्यासमोर खाली बसल्या, माझं तोंड दोन्ही हातांनी धरलं. मग त्यांनी माझ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"माझ्या कुंकवासाठी," त्या म्हणाल्या, "अजून सून म्हणून या घराचा उंबरा न ओलांडलेल्या पोरीनं गहू सोडला."

मी धैर्यशीलकडं बघितलं. तो ताटाकडं बघत होता.

संध्याकाळी मळ्यात त्याला गाठलं. "हे काय बोललास तू?"

"अगं, घरात एक माणूस आजारी पडलंय. त्यात मी आजारी सून आणतोय असं कसं सांगू? त्या काकू लोकांना तू ओळखत नाहीस. 'मुलं होतील का' इथपासून सुरू करतील. थोडे दिवस जाऊ देत. दादा सावरले की मी सांगतो सगळं."

"आणि नवस?"

"नवसानं कुणाचं वाईट होतंय का?"

मला तेव्हाच उठून आत जायला हवं होतं वगैरे म्हणणं आता सोपं आहे. पण त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला माईंनी माझ्यासाठी वेगळी चूल पेटवली. माळ्यावरचं जातं खाली काढलं. गिरणीत सगळ्यांचे गहू दळले जातात, नवसाच्या धान्याला त्याचं पीठ लागायला नको, म्हणून त्यांनी माझ्यापुरती ज्वारी हातानं दळली. तवा नवा, परात नवी, काथवट घासून उन्हात वाळवलेली. मी जेवायला बसले आणि तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात पडली, फुगलेली, वाफ निघत असलेली. बाबा सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचं गरम जेवण न घाबरता मी कधी जेवले होते, ते मला आठवेना. माझे डोळे भरून आले. माई म्हणाल्या, "चटणी तिखट झाली व्हय?"

डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य मोडायला लावण्यात आपल्याकडं लोकांना गंमत वाटते. नवस मोडायला मात्र सगळे भितात. त्या वर्षात मी महिन्या-दीड महिन्यानं कोरेगावला जात राहिले आणि एकदाही आजारी पडले नाही. बाजारच्या तयार हिंगात कणीक मिसळलेली असते, हे मी डबीवरची अक्षरं दाखवून सांगितलं, तर दुसऱ्या खेपेला माझ्या फोडणीसाठी खडा हिंग आणून ठेवलेला. गावात कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेलो तर माई आधीच पुढं होऊन सांगायच्या, "तिला शिरा देऊ नका बरं का, तिनं सोडलाय," आणि त्यांचा आवाज असा काही चढायचा की मला जमिनीत शिरावंसं वाटायचं. घरी येताना त्या माझा हात धरून चालायच्या. आई गेल्यापासून रस्त्यात माझा हात कुणी धरला नव्हता.

दादा हळूहळू सुधारले. आधी बोटं हलली, मग कोपर. हिवाळ्यात ते काठी घेऊन अंगणात आले. डॉक्टरांचा व्यायाम होता, औषधं होती, पण माईंच्या लेखी हे सगळं माझ्या नवसाचं फळ होतं. आणि लग्नाची तारीख धरायची वेळ आली तेव्हा त्यांनीच ठरवलं, की आधी वडजाईच्या डोंगरावर जाऊन माझा नवस सोडवायचा.

"ऋजुता सून म्हणून यायची ती मोकळी होऊन येऊ दे," त्या म्हणाल्या. "लग्नात तिनं बुंदी न खाता बसायचं? मला न्हाई बघवायचं ते."

म्हणून तो गरम डबा माझ्या मांडीवर होता.

डोंगर फार उंच नव्हता. गाडी बऱ्याच वरपर्यंत जायची, पुढं दगडी पायऱ्या. दादा एका बाजूनं काठी आणि दुसऱ्या बाजूनं धैर्यशीलचा खांदा धरून चढले. दर दहा-बारा पायऱ्यांवर थांबायचे आणि खाली वळून आपण किती चढलो ते बघून लहान मुलासारखे खूश व्हायचे. माई पुढं होत्या. मी धैर्यशीलला गाठून दोनदा खुणावलं. दोन्ही वेळा त्यानं डोळ्यांनीच "थांब" म्हटलं.

देवळात आम्ही चौघं आणि गुरव, एवढेच होतो. नैवेद्य झाला. गुरवानं अंगारा लावला. माईंनी ओटी भरली, डोकं टेकवलं, आणि उठल्या त्या माझ्याकडंच वळल्या. हातात पोळीचा तुकडा होता, तूप मनगटापर्यंत ओघळलेलं.

"धैर्यशील," मी म्हटलं.

तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता बोलेल. त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "एक घास खा ना. एका घासानं काय होतंय? नंतर गोळी घे. तिचं तोंड बघ जरा."

गोळी. ह्या आजाराला गोळी नाही, हे माझ्याइतकंच त्याला माहीत होतं. मी त्याच्याकडं बघत राहिले. पुड्या उलट्या करून बारीक अक्षरं वाचणारा माणूस होता हा.

"थांबा," माई एकदम म्हणाल्या. त्यांना वाटलं असावं की मी लाजतेय, की मला भरून आलंय. "मी न्हाई. ज्यांच्यासाठी सोडला त्यांच्याच हातनं सुटू दे."

आणि त्यांनी तो तुकडा दादांच्या उजव्या हातात दिला.

त्या हातात वर्षभर चमचा धरला जात नव्हता. दादांनी काठी धैर्यशीलकडं दिली आणि तो हात वर उचलला. हात थरथरत होता. तूप त्यांच्या बाहीवर सांडलं. ते मान किंचित वाकडी करून, ओठ घट्ट मिटून, सगळं लक्ष त्या तीन बोटांवर लावून तो घास माझ्या तोंडाकडं आणत होते. मध्येच हात खाली गेला. त्यांनी परत उचलला.

"आ कर, बाळा," दादा म्हणाले.

मी तोंड उघडलं.

सातवीनंतर पहिल्यांदाच मी पुरणपोळी खात होते. खोटं कशाला सांगू, ती फार चांगली झाली होती. माई रडत होत्या, दादा हसत होते. त्यांनी दुसरा घासही भरवला, या वेळी हात कमी थरथरला. तोही मी खाल्ला. धैर्यशीलनं सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

पायऱ्या उतरून गाडीपाशी आम्ही सावलीत बसलो. माई बाकीच्या पोळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटत होत्या. तासाभरानं माझ्या पोटात पीळ बसायला लागला. मी उठून झाडामागं गेले आणि तिथंच कोसळले. उलट्या थांबेनात. हातपाय गार पडले, घाम फुटला. माई धावत आल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं. आणि मग त्यांचा हात थांबला. मी डोळे उघडून बघितलं, तर त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या गाडीत बसलेल्या दादांकडं बघत होत्या.

"तिनं घेतला न्हाई," माई म्हणाल्या.

"कुणी? काय?" धैर्यशील म्हणाला.

"देवीनं. नवस सुटला न्हाई. मी घाई केली रे. हे पुरते बरे झाले नव्हते, हात अजून कापतोय, आणि मी पोरीला खायला लावलं." त्यांचा आवाज बारीक होत गेला. "आता ह्यांना काही झालं तर?"

"सांग त्यांना," मी धैर्यशीलला म्हटलं. माझ्या तोंडून धड शब्द निघत नव्हते. "आत्ता सांग."

"आता कसं सांगू?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "दादा ऐकतायत. आता सांगितलं तर दोघं काय म्हणतील मला?"

माईंनी माझं डोकं अलगद आपल्या दुमडलेल्या शालीवर ठेवलं आणि त्या उठल्या. चपला तिथंच होत्या, त्या घातल्या नाहीत. ऐन दुपारच्या उन्हात त्या अनवाणी पायऱ्या चढायला लागल्या. मी हाक मारली, पण ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. धैर्यशील "आई, अगं आई" करत दोन पावलं गेला आणि परत आला. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्याच्याजवळ होतं आणि त्याच्या आईची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ते त्याच्याजवळच राहिलं.

त्या परत आल्या तेव्हा पायांना फोड आले होते. चेहरा मात्र जरा शांत होता.

"मी घेतला," त्या माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "तुझा नवस मी माझ्या अंगावर घेतला, ऋजुता. शब्द दिला तिला. आजपासनं मी गहू सोडला, जन्मभर. तू आता मोकळी. ह्यांना काही होणार न्हाई."

घरी पोचल्यावर मी झोपून राहिले. माई मधूनमधून येऊन जिऱ्याचं पाणी पाजत होत्या. पण शब्द देऊनही त्यांची भीती गेली नव्हती. दादांच्या खोलीचं दार माझ्या खाटेवरून दिसायचं. दादा दुपारचे घोरत होते आणि माई त्यांच्या छातीवर तळहात ठेवून बसल्या होत्या. घोरणं जरा थांबलं की त्या दचकायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. दादांना साधी शिंक आली, तर त्यांच्या हातातली कपबशी खाली पडली.

धैर्यशील माझ्या उशाशी येऊन बसला. "बरं वाटतंय? हे बघ, आता झालं ते झालं. लग्न होऊ दे, मग निवांत सांगू."

"त्या भीतीनं मरतायत, धैर्यशील."

"होईल कमी. आठ दिवसांत विसरेल."

"तू तिथं मला एक घास खा म्हणालास."

"अगं, पण तू खाल्लासच ना शेवटी?" तो अगदी साधेपणानं म्हणाला.

मी भिंतीला धरून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. माई जात्यासमोर बसल्या होत्या. आता ते स्वतःसाठीही लागणार होतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. सातवीपासून सांगितलं. आजाराचं नाव, डॉक्टर, बाबांच्या भाकऱ्या, उपवासाची युक्ती, मळ्यातलं बोलणं. "देवी कोपलेली नाही, माई. मी गहू खाल्ला की असंच होतं. कधीही खाल्ला तरी होतं. दादांना त्यानं काही व्हायचं नाही. तुम्ही घाबरू नका."

जातं थांबलं होतं. जात्याच्या कडेला पडलेलं पीठ त्या बोटानं गोळा करत राहिल्या.

"म्हणजे ह्यांच्यासाठी नव्हता," माई म्हणाल्या.

"नाही."

"वर्षभर."

मी मान हलवली.

"मला आजार सांगितला असतास, तरी मी जातं काढलंच असतं गं," त्या म्हणाल्या. "एवढंच ओळखलं व्हय मला?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी नाही, तुमच्या मुलानं ओळखलं नाही. पण वर्षभर गरम भाकऱ्या तर मीच खाल्ल्या होत्या. मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले. रागानं नाही. फोडांमुळं असेल.

"तू वाईट न्हाईस," त्या म्हणाल्या. "पण आता तुझ्याकडं बघितलं, की माझं मला हसू येतंय. गावभर सांगत फिरले मी."

त्या उठल्या. मला वाटलं, त्या निघून जातील. त्यांनी चूल पेटवली, माझा तवा ठेवला, माझ्याच परातीत पीठ मळलं आणि भाकऱ्या थापल्या. त्या फडक्यात बांधून, वर चटणीची पुडी ठेवून, माझ्या कापडी पिशवीत घातल्या. "वाटेत काही बाहेरचं खाऊ नकोस," एवढंच म्हणाल्या आणि दादांच्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं.

सातारच्या स्टँडवर धैर्यशीलनं मला सोडलं. "थोडं थांबली असतीस तर सगळं नीट झालं असतं," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. त्याचंही प्रेम होतं माझ्यावर, मी नाही म्हणत नाही. मी म्हटलं, "एका घासानं काय होतंय, हे तू मला विचारलंस. दुसऱ्या कुणीही विचारलं असतं तर चाललं असतं." गाडी लागली होती, मी चढले. वाटेत भूक लागली, पण त्या भाकऱ्यांची गाठ सोडवेना. पुण्याला पोचेपर्यंत त्या वाळून गेल्या. बाबांनी त्या कुस्करून, दुधात भिजवून मला वाटीत दिल्या आणि मी रडत रडत खाल्ल्या.

धैर्यशीलसाठी मी वर्षभर रडले असेन. मग ते थांबलं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, संसार चांगला आहे. माईंसाठी मात्र अजूनही मध्येच कधीतरी भरून येतं. कुठंतरी तवा तापलेला असतो, कुणीतरी भाकरी थापत असतं, तेवढं पुरतं. मोडलेल्या सोयरिकीतल्या सासूसाठी रडणाऱ्या बाईला काय म्हणायचं, यासाठी आपल्याकडं शब्द नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सातारला एका मैत्रिणीच्या भावाचं लग्न होतं. पंगत बसली. मी नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन हॉलच्या कडेला, हात धुवायच्या जागेजवळच्या टेबलावर बसले. वाढप्याला म्हटलं, "फक्त भात आणि काकडी." तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "मलाही पुरी नको रे, गहू न्हाई खात मी."

आवाज ओळखायला मान वळवायची गरज नव्हती.

माई खूप वाळल्या होत्या. कपाळ मोकळं होतं. त्यांच्याही हातात एक कापडी पिशवी होती. त्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या आणि मग समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"दादा?" मी विचारलं.

"सहा वर्षं झाली. झोपेतच गेले. चांगले चालत-फिरत होते." त्या पिशवीची गाठ सोडत होत्या. "धैर्यशील बेंगळुरूला असतो. दोन पोरं आहेत."

"माई, तुम्ही अजून गहू..."

"सोडला तो सोडला."

"पण दादा गेल्यावर तरी. आणि तो नवस मुळात..."

"सगळे म्हणाले, आता खा. खाल्ला बी असता." त्या थांबल्या. हॉलमध्ये सनई लावली होती, वाढपी जिलबी घेऊन पळत होते. "तुला एक सांगू का? ते आजारी होते ना, त्या वर्षी, मी निवांत झोपायचे. मला वाटायचं, ह्यांच्यासाठी जीव लावून बसलेली मी एकटी न्हाई. तिकडं पुण्याला एक पोरगी आहे. ती बी समोरचं ताट मागं सारतीय. अर्धं ओझं तिच्या खांद्यावर आहे." त्यांनी डब्याचं झाकण काढलं. "त्या दिवशी तू सांगितलंस, तेव्हापासनं सगळं माझ्या एकटीवर आलं. पुढं बारा वर्षं ह्यांच्या छातीवर हात ठेवून जागले मी. तू खरं बोललीस, चांगलं केलंस. पण झोप गेली ती गेलीच."

त्यांची क्षमा मागायची, तर कशाची मागू? त्या वर्षात मी दादांसाठी काहीच सोडलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, त्या वर्षाच्या शेवटी शेवटी, गावात कुणी "तिनं सोडलाय" म्हटलं, की मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं. दादांची बोटं हलली तेव्हा मी पुण्यात बाबांना मिठी मारली होती. हे माईंना सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. आता त्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

माईंनी डब्यातली भाकरी काढली, मधोमध मोडली.

"घरच्या जात्यावरची आहे," त्या म्हणाल्या. "तुला चालंल."

मी नकळत पुढं झुकले. वाटलं, त्या घास करतील. पण त्यांनी अर्धी भाकरी माझ्या ताटात ठेवली, उरलेली अर्धी आपल्या ताटात घेतली, आणि खाली मान घालून जेवायला लागल्या.